घरगुती वीजबचत मोजायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलईडी बल्ब, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, जुन्या फ्रिजच्या बदल्यात नवा फ्रिज अशा योजनांमधून ‘इतके कोटी युनिट वाचले’ असं आपण वाचतो. हा आकडा येतो कुठून, त्यावर विश्वास किती ठेवायचा आणि आपल्या घरातली बचत आपण कशी पडताळायची, हे सोसायट्यांचे सेक्रेटरी, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, ग्राहक संघटनांचे कार्यकर्ते आणि लाइट बिलाने हैराण झालेली मंडळी सतत विचारत असतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मीटर तर वापरलेली वीज दाखवतो. मग वाचलेली वीज मोजतात कशी?

वाचलेल्या विजेची नोंद कुठलंच यंत्र ठेवत नाही. बचत हा दोन आकड्यांमधला फरक असतो. काहीच बदल केला नसता तर किती वीज लागली असती हा एक आकडा, आणि प्रत्यक्षात किती लागली हा दुसरा. दुसरा मीटरवर मिळतो. पहिला काढावा लागतो. त्याला मूळ वापर किंवा बेसलाइन म्हणतात, आणि बचतीवरचे जवळजवळ सगळे वाद या एका आकड्याचे असतात.

मागच्या वर्षीचा वापर म्हणजेच बेसलाइन, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. मागच्या वर्षी मे महिना सौम्य गेला असेल, मुलगी शिकायला बाहेरगावी असेल, टीव्ही बिघडलेला असेल. या वर्षीची माणसं, या वर्षीचा उन्हाळा आणि जुनीच उपकरणं असती तर किती युनिट लागले असते, ते बेसलाइनमध्ये यायला हवं.

२. वॉट आणि युनिट यांत माझा नेहमी गोंधळ होतो. बचत कशात सांगायची?

वॉट म्हणजे उपकरण एका क्षणी किती वीज ओढतं ते. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. घरातली बचत युनिटमध्ये सांगायची. ‘इतक्या मेगावॉटची बचत’ असं वाचलंत, तर ती बहुधा संध्याकाळच्या सर्वाधिक मागणीत झालेली घट असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरी परस्पर काढता येत नाही.

३. काहीही विकत न आणता माझा पंखा किती वॉट खातो ते कळेल का?

कळेल, आणि प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावं असं हे काम आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. एका युनिटमागे तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, सेट टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर प्लगमधून काढा, इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद करा. दिवा लुकलुकायचा थांबला की एकच पंखा फुल स्पीडवर लावा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. त्याला दहाने भागलं की एका लुकलुकीची वेळ मिळते. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. १६०० चा मीटर असेल तर २२५० ला भागा. साधा ७५ वॉटचा पंखा दर १५ सेकंदांनी दिवा लुकलुकवतो. २८ वॉटचा बीएलडीसी पंखा त्यासाठी ४० सेकंद घेतो. हा फरक डोळ्यांनी पाहिला की जाहिरातीतल्या टक्क्यांची गरज राहत नाही.

पंख्याची मोजणी तुम्ही रोज ज्या स्पीडवर लावता त्या स्पीडवरही करा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर दोन नंबरला चालणारा साधा पंखा ७५ वॉट घेतच नाही, त्यामुळे नव्या पंख्याची खरी बचत फुल स्पीडवरच्या हिशेबापेक्षा कमी निघते.

ही पद्धत फ्रिजला चालत नाही. त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, बर्फ वितळवण्याचं चक्र मध्येच येतं. फ्रिजला प्लगचा मीटर लावून निदान पूर्ण आठवडा मोजा.

४. जुनं बिल आणि नवं बिल शेजारी ठेवलं तर बचत कळणार नाही का?

कळते, पण आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, दिवस. एका बिलात २८ दिवस आणि दुसऱ्यात ३४ दिवस असू शकतात, म्हणून युनिटांना दिवसांनी भागून ‘रोजचे युनिट’ काढा. दुसरी, बिल खऱ्या रीडिंगवर आहे की सरासरीवर. रीडिंग मिळालं नाही तर सरासरी लावली जाते आणि पुढच्या महिन्यात तिची भरपाई होते. ती दोन्ही बिलं एकत्र करा किंवा दोन्ही सोडून द्या. तिसरी, ऋतू. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करा, जानेवारीशी नको.

एवढं करूनही लक्षात ठेवा की घरातला एखादा बल्ब बदलल्याची बचत बिलात शोधून सापडत नाही. पाहुणे दोन दिवस राहिले तरी तेवढा फरक पडतो. महिन्याच्या वापरात दहा टक्क्यांच्या वर फरक पडावा असा बदल असेल, तरच एकट्या घराच्या बिलात तो ओळखू येतो.

५. एसी किंवा कूलर असेल तर उन्हाळ्याचा हिशेब कसा करायचा?

हवामानाची दुरुस्ती करावी लागते. वही आणि पेन्सिल पुरते. बदल करण्याआधीच्या बारा महिन्यांसाठी त्या महिन्याचं सरासरी तापमान आणि रोजचे युनिट अशी जोडी मांडा. थंडीचे महिने जवळजवळ सपाट असतात. एका ठरावीक तापमानाच्या वर वापर चढू लागतो.

समजा, थंडीत रोज ५ युनिट लागतात आणि २६ अंशांच्या वर दर अंशाला ०.८ युनिट वाढतात. नवा एसी आल्यानंतरच्या मे महिन्याचं सरासरी तापमान ३१ अंश होतं. जुना एसी असता तर रोज ५ आणि ५ × ०.८ मिळून ९ युनिट लागले असते. मीटरने रोज ७.५ दाखवले. म्हणजे रोजची बचत १.५ युनिट, महिन्याची सुमारे ४६.

मुंबई-कोकणात नुसतं तापमान अपुरं पडतं, कारण तिथे एसी दमटपणासाठीही चालतो. विदर्भात कूलरची गोष्ट उलटी. पावसाळा लागला की कूलर आपसूक बंद होतो, त्यामुळे जूननंतरचे महिने या मांडणीतून वगळलेले बरे.

६. युनिट २० टक्के कमी झाले, पण बिल तेवढं उतरलं नाही. मग बचत खोटी का?

बचत खरी असू शकते. बिलातला स्थिर आकार तुम्ही काहीही न वापरता लागतोच, तो कमी होत नाही. दर मधल्या काळात वाढले असतील, इंधन समायोजन आकार बदलला असेल.

उलटही होतं. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. वाचलेले युनिट सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. ३२० वरून २९० वर आलेल्या घराला त्या युनिटांमागे सरासरी दरापेक्षा जास्त पैसे वाचतात. बचतीचे रुपये काढताना सरासरी दर लावू नका, जे युनिट गेले त्यांचा दर लावा. आणि कार्यक्रमाची बचत तपासताना रुपये बाजूला ठेवून युनिटच पाहा.

७. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. जुन्यातून नवे वजा केले की झालं ना?

खरेदी करताना दोन मॉडेलांची तुलना करायला ते उत्तम आहे, कारण सगळ्यांची चाचणी एकाच पद्धतीने झालेली असते. तुमच्या घरातली बचत त्यावरून निघत नाही. एसीच्या लेबलवरचा वार्षिक वापर वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. पुण्यात रात्रीपुरता दोन महिने एसी लावणारं घर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोहोचत नाही, आणि मुंबईत आठ महिने लावणारं घर पुढे जातं. फ्रिजची चाचणी दार न उघडता होते. घरात दार दिवसभर उघडतं आणि गरम भाजीही आत ठेवली जाते.

शिवाय लेबलवरचं वर्ष पाहा. ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, स्टारचे निकष ठरावीक काळाने कडक करतो. दहा वर्षांपूर्वीचा पाच स्टार आज तितके स्टार मिळवणार नाही. छताच्या पंख्यांना तर लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक पंख्यांवर तुलना करायला लेबलच नाही. तिथे प्रश्न ३ मधली मोजणी कामाला येते.

८. सरकारच्या स्वस्त एलईडी बल्ब वाटपाच्या उजाला योजनेत हजारो कोटी युनिट वाचले म्हणतात. हे प्रत्येक घरात जाऊन मोजलं आहे का?

नाही. सरकारी निवेदनांतही हा आकडा ‘अंदाजे’ म्हणूनच दिलेला असतो. एका बल्बमागे वर्षाला अमुक युनिट वाचतात असं आधी ठरवायचं आणि वाटलेल्या बल्बांच्या संख्येने गुणायचं. याला गृहीत बचत म्हणतात. ही पद्धत जगभर वापरली जाते आणि स्वस्त, एकसारख्या उपकरणांसाठी ती रास्त आहे. फक्त गृहीत काय धरलं ते उघड असलं पाहिजे.

उजाला ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. सरकारने दिलेले आकडे असे: वाटलेले बल्ब ३६.८६ कोटी, वार्षिक बचत ४,७८७ कोटी युनिट, सर्वाधिक मागणीतली घट ९,५८५ मेगावॉट. आता भागाकार करा. एका बल्बमागे वर्षाला सुमारे १३० युनिट येतात. ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर फरक ५१ वॉटचा. १३० युनिट वाचायला तो बल्ब वर्षाला सुमारे २,५५० तास, म्हणजे रोज सात तास पेटायला हवा. वहनातली गळती त्यात मिळवली असेल तर तास थोडे कमी होतील.

बैठकीच्या खोलीतला दिवा सात तास पेटतो. मोरीतला, माळ्यावरचा, देवघरातला नाही. बीईईच्या २००९ च्या बचत लॅम्प योजनेत, जिथे १५ रुपयांत सीएफएल देऊन जुना बल्ब परत घ्यायचे, तिथे बचतीचे कार्बन क्रेडिट (टळलेल्या कार्बनची विकता येणारी प्रमाणपत्रं) विकायचे होते, त्यामुळे हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीने करणं भाग होतं. घरगुती दिव्यांच्या त्या पद्धतीत मोजणी नसेल तेव्हा धरायचे तास रोज साडेतीन आहेत. सात आणि साडेतीन यांत बचत निम्मी होते.

मागणीतल्या घटीचा भागाकार केला तर बल्बमागे २६ वॉट येतात, म्हणजे ५१ च्या जवळपास निम्मे. संध्याकाळच्या ऐन वेळी दोनातला एक बल्ब चालू असेल असं त्यात ढोबळमानाने धरलेलं दिसतं. हे गृहीतक मला वाजवी वाटतं.

उजालाचं महत्त्व यामुळे उणावत नाही. घाऊक खरेदीने बल्बची किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत चाळिसाच्या आत आली, आणि तो बदल कुणीही बाजारात जाऊन पाहू शकत होतं. इतक्या चांगल्या योजनेला मोजलेला आकडा मिळायला हवा होता, ही माझी खंत आहे.

९. आमच्याकडे आधी सीएफएल होते. एलईडी लावल्यावर तीच बचत धरायची का?

नाही, आणि घरगुती कार्यक्रमांत सर्वांत मोठी चूक इथेच होते. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॉटचा एलईडी आला आणि तो रोज चार तास पेटला, तर वर्षाला ७४ युनिट वाचतात. १४ वॉटच्या सीएफएलच्या जागी आला तर ७. त्याच एलईडीची बचत दहापट कमी.

म्हणून वाटप करताना ‘कोणता दिवा काढलात?’ हा प्रश्न नोंदवून घेणं अत्यावश्यक आहे. महिन्यांनी फोन करून विचारलं तर कुणाला आठवत नाही. काही घरांत नवा बल्ब कुणाच्याच जागी येत नाही, आधी अंधार असलेल्या जागी लागतो. तिथे वापर ९ वॉटने वाढतो. त्याची नोंद बचतीत करायची नाही, तरी त्या घरात उजेड आला हे चांगलंच झालं.

१०. लाखो घरांत मीटर लावणं शक्य नाही. मग किती घरं पुरतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. जगात रूढ असलेली अट अशी की ९० टक्के खात्रीने उत्तर १० टक्के इकडे-तिकडे असावं. घराघरातल्या वापराचा विखुरलेपणा सरासरीच्या निम्मा धरला तर ६८ घरं पुरतात. कार्यक्रम दहा हजार घरांचा असो की दहा लाख घरांचा, हा आकडा फारसा हलत नाही. मध्येच सोडून जाणारी घरं धरून शंभर घ्या.

अडचण संख्येत नसून निवडीत असते. ओळखीची, शहरातली, मीटर लावू देणारी घरं निवडली तर शंभर काय, हजार घरंही चुकीचं उत्तर देतील. यादीतून चिठ्ठी टाकून निवडायची, आणि चाळ, बंगला, झोपडवस्ती, गाव असे थर पाडून प्रत्येकातून घ्यायची. पुण्याची ‘प्रयास’ (ऊर्जा गट) ही संस्था महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या घरांत अशी उपकरणवार मोजणी करत आली आहे. हे काम आपल्याकडे होऊ शकतं याचा तो पुरावा आहे.

११. मोजणीची काही मान्य पद्धत आहे का? प्रोजेक्टमध्ये काय लिहू?

‘आयपीएमव्हीपी’ नावाची आंतरराष्ट्रीय कार्यपद्धती वापरतात. तिच्यात अ ते ड असे चार पर्याय आहेत. पहिल्यात उपकरणाची एकच कळीची बाब मोजायची (बल्बचे वॉट मोजायचे, तास गृहीत धरायचे), दुसऱ्यात उपकरणाचं सगळंच मोजायचं, तिसऱ्यात पूर्ण घराच्या मीटरवरून काढायचं, चौथ्यात संगणकावर घराचं प्रारूप करून ते बिलाशी जुळवायचं. दिव्यांना पहिला, फ्रिजला दुसरा, एसीला दुसरा किंवा तिसरा. चौथ्याच्या वाटेला घरगुती कामात सहसा जाऊ नये.

१२. जे लोक योजनेशिवायही एलईडी घेणारच होते, त्यांची बचत योजनेच्या खात्यात कशी धरता?

धरू नये. एकूण बचत आणि निव्वळ बचत यांत फरक करायचा तो यासाठीच. अनुदान नसतं तरी ज्यांनी पाच स्टार फ्रिज घेतलाच असता, त्यांचे युनिट खरोखर वाचलेले असतात, पण ते योजनेमुळे वाचलेले नसतात.

उलट बाजूही मोजायला हवी. उजालामुळे बाजारातल्या साध्या दुकानातलेही एलईडी स्वस्त झाले. योजनेच्या काउंटरकडे कधीही न गेलेल्या माणसाने कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्त बल्ब घेतला, तर तीही योजनेचीच बचत आहे, आणि ती कुठल्याच वाटप-नोंदीत येत नाही. दोन्ही बाजू मोजायला कठीण आहेत. एकच बाजू मोजून निष्कर्ष काढणारा अहवाल मला पटत नाही.

१३. कार्यक्षम एसी आणल्यावर आम्ही तो जास्त वेळ लावू लागलो. मग बचत कशी होणार?

कधीकधी होत नाहीच. मेक्सिकोत २००९ ते २०१२ या काळात सरकारने जुने फ्रिज आणि एसी घेऊन नवे घ्यायला अनुदान दिलं. सुमारे १९ लाख उपकरणं बदलली. नंतर लाखो घरांच्या बिलांवरून मोजणी झाली, तेव्हा फ्रिज बदललेल्या घरांचा वापर सुमारे ८ टक्के घटला होता, जो आधी सांगितलेल्या बचतीच्या चौथा हिस्साच होता. एसी बदललेल्या घरांचा वापर चक्क वाढला. नवे फ्रिज जुन्यांपेक्षा मोठे आणि जास्त सोयींचे होते. नवा एसी लावणं परवडू लागल्यावर लोकांनी तो जास्त लावला.

तरी या वाढीकडे सरसकट गैरवापर म्हणून पाहू नका. लातूर-बीडकडच्या पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये बिलाच्या भीतीने मध्यरात्री पंखा बंद करणारं कुटुंब बीएलडीसी पंखा आल्यावर तो रात्रभर लावत असेल, तर युनिट कमी वाचले पण झोप लागली. अहवालात दोन्ही लिहावं: इतके युनिट वाचले, आणि इतक्या तासांचा पंखा वाढला. कमी बचत लपवण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

१४. जुना फ्रिज गावी पाठवला. आमच्या घरात तर बचत झाली, नाही का?

तुमच्या मीटरवर झाली. गावच्या मीटरवर जुन्या फ्रिजचा सगळा वापर वाढला, आणि नवा फ्रिजही चालूच आहे. गावी आधी त्याहून जुना, जास्त वीज खाणारा फ्रिज होता आणि तो भंगारात गेला, तरच थोडी बचत शिल्लक राहते. म्हणूनच बदल्यात नवं देण्याच्या योजनांमध्ये जुनं उपकरण परत घेऊन मोडीत काढल्याची नोंद ठेवतात. ती नोंद नसेल तर योजनेने फ्रिज विकले एवढंच म्हणता येतं.

१५. बिलासोबत ‘शेजाऱ्यांपेक्षा तुमचा वापर जास्त’ असं पत्र येतं. त्याने खरंच वीज वाचते?

वाचते, पण थोडी. अमेरिकेत ओपॉवर कंपनीच्या अशा पत्रांची तपासणी सुमारे सहा लाख घरांवर झाली आणि सरासरी घट २ टक्के निघाली. एवढ्याशा फरकाबद्दल खात्रीने बोलता आलं, कारण कुणाला पत्र पाठवायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. दोन्ही गटांना सारखाच उन्हाळा, सारखीच दरवाढ. मग उरलेला फरक पत्राचाच.

सवयी बदलायला सांगणाऱ्या कार्यक्रमांना ही एकच पद्धत चालते, आणि घरंही हजारोंनी लागतात. प्रश्न १० मधली ६८ घरं इथे पुरणार नाहीत, कारण २ टक्के हे एका घराच्या महिन्यागणिक होणाऱ्या चढउतारात बुडून जातात.

१६. प्लगमध्ये लावायचं ‘पॉवर सेव्हर’ यंत्र ३० टक्के बचत करतं म्हणे. तपासायचं कसं?

प्रश्न ३ मधली मोजणी यंत्र लावून आणि काढून करा. फरक दिसणार नाही. आत बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारतो, पण घरगुती बिल खऱ्या युनिटांवर येतं, त्यावर पॉवर फॅक्टरचा परिणाम होत नाही. त्यापेक्षा सेट टॉप बॉक्सचा स्विच बंद करा. १० वॉट सतत ओढणारा बॉक्स वर्षाला ८८ युनिट घेतो.

१७. गिझर रात्रीऐवजी दुपारी लावला तर बचत धरायची का?

युनिट तेवढेच लागले, म्हणून वीजबचत नाही. मागणीची वेळ सरकली. वेळेनुसार दर असलेल्या मीटरवर पैसे वाचतील आणि संध्याकाळचा ताणही कमी होईल. वेगळ्या रकान्यात लिहा (प्रश्न २ पाहा).

१८. घरात वाचलेलं एक युनिट वीजकेंद्रात किती? आणि कार्बन किती?

तारांमधली आणि ट्रान्सफॉर्मरमधली गळती मिळवावी लागते. ती १५ टक्के असेल तर घरातल्या एका युनिटसाठी केंद्रातून १.१८ युनिट निघावे लागतात. अहवालात आकडा घराच्या मीटरवरचा आहे की केंद्राजवळचा, ते आधी पाहा.

कार्बनसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा गुणांक प्रसिद्ध करतं. अलीकडे तो युनिटमागे साधारण ०.७ किलो आहे. उजालाच्या आकड्यांत वर्षाला ३.८८ कोटी टन सांगितले आहेत. त्याला युनिटांनी भागलं तर ०.८१ येतो, जो जुन्या वर्षांच्या गुणांकाशी जुळतो. सौर आणि पवनवीज वाढेल तसा तोच बल्ब कमी कार्बन वाचवेल. दरवर्षी गुणांक बदलून घ्या.

१९. बल्ब फ्युज झाला, तरी बचत मोजतच राहतात का?

मोजू नये. एलईडीचं आयुष्य २५,००० तास सांगतात, पण व्होल्टेजचा चढउतार असलेल्या भागात काही बल्ब लवकर जातात, आणि काही तर खोक्यातून बाहेरच येत नाहीत. नमुन्यातल्या घरांत दरवर्षी जाऊन ‘लावलेले आणि चालू’ बल्ब मोजायचे आणि बचतीला त्या प्रमाणाने गुणायचं. आणखी एक सूक्ष्म गोष्ट: आज फ्युज झालेल्या बल्बच्या जागी दुकानात दुसरा एलईडीच मिळतो. पुढच्या वर्षांची बचत योजनेची की बाजाराची, याचा निर्णय अहवालात स्पष्ट लिहिलेला हवा (प्रश्न १२).

२०. अशा योजनांचा खर्च आमच्याच बिलातून जातो म्हणतात. हिशेब मागता येतो का?

येतो, आणि मागायलाच हवा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे ग्राहकांकडची विजेची मागणी आटोक्यात ठेवणाऱ्या अशा योजनांचे, दोन विनियम केले. एक अंमलबजावणीच्या चौकटीचा, दुसरा योजनेचा खर्च तिच्या फायद्याच्या तुलनेत परवडतो का हे तपासण्याचा. मंजूर खर्च वीज कंपनी दरांतून वसूल करू शकते, म्हणजे तो सगळ्या ग्राहकांचा पैसा आहे. दरनिश्चितीच्या वेळी आयोग सूचना-हरकती मागवतो. तिथे कुणीही सामान्य ग्राहक लेखी विचारू शकतो: बेसलाइन कोणती धरली, किती घरांत मोजलं, मोजणारी संस्था योजना राबवणाऱ्यांपासून वेगळी होती का. ‘इतके पंखे वाटले’ हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

२१. आमच्या छपरावर सौर पॅनेल आहेत. आता पंखे बदलल्याची बचत बिलात कशी शोधू?

नेट मीटरच्या बिलावर फक्त आलेली आणि बाहेर गेलेली वीज असते. पॅनेलमधून थेट पंख्याला गेलेली वीज त्या मीटरला दिसतच नाही. घराचा खरा वापर असा काढा: ग्रिडमधून घेतलेले युनिट अधिक पॅनेलने बनवलेले युनिट वजा ग्रिडला दिलेले युनिट. मधला आकडा सौर मीटरवर किंवा इन्व्हर्टरच्या ॲपवर मिळतो. या वापरावर प्रश्न ४ आणि ५ मधली पद्धत लावा. शून्य बिल आलं म्हणजे घर कार्यक्षम झालं असं नाही. बरीच घरं पॅनेल बसल्यावर दुसरा एसी घेतात.

२२. आमच्या गावात आधी आठ तास लोडशेडिंग होतं, आता वीज टिकते. बिलं वाढली. योजनेतले बल्ब-पंखे फुकट गेले का?

फुकट गेले नाहीत, बेसलाइन हलली. आधीचा कमी वापर काटकसरीचा नव्हता, वीजच नव्हती. आठ तास वाढलेल्या पुरवठ्यात जुनेच बल्ब-पंखे असते तर बिल आजच्याहून जास्त आलं असतं. त्या न आलेल्या बिलाशी तुलना करायची.

अशा गावात बिलांवरून बचत काढायच्या फंदात पडू नका. दिवा किंवा पंखा किती वेळ चालू होता एवढंच टिपणारे छोटे लॉगर काही घरांत लावा. महिनाभर उन्हाळ्यात, महिनाभर थंडीत. आधीच्या आणि आताच्या पुरवठ्याचे तास उपकेंद्रातल्या फीडरच्या नोंदींतून घ्या. चालू तासांना जुन्या-नव्या वॉटमधल्या फरकाने गुणा, आणि पुरवठा वाढल्यामुळे वाढलेले तास त्याच तक्त्यात वेगळे दाखवा.